जिवाची खिडकी

१

लुडविना माणसं मोजत नसे, सपाता मोजायची. तीन हजार मीटरवरच्या त्या गिर्यारोहकांच्या निवाऱ्यात येणारा प्रवासी बर्नचा वकील असो नाहीतर कुठला लॉर्डसाहेब असो, दारातल्या खोलीत बूट काढून लोकरीच्या सपाता चढवल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नसे. "बूट बाहेर, भूक आत," असं तिचा नवरा थेओडुल प्रत्येकाला ऐकवायचा, आणि पहिल्यांदाच सुचल्यासारखा स्वतःच हसायचा.

फळीवर चोवीस जोड होते, प्रत्येकावर लाल दोऱ्यानं आकडा शिवलेला. एक नंबर थेओडुलचा, दोन नंबर तिचा, बाकीचे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. पहाटे प्रवासी शिखराकडं निघून गेले की ती जोड मोजायची, ब्लँकेटं झटकायची, जवाच्या सूपचं पातेलं घासायची. थेओडुल जाऊन वर्ष झालं होतं, पण त्याचा जोड तिनं हलवला नव्हता. तो कुणी घालायचाही नाही. सांगावं लागत नसे, तिच्या तोंडाकडं बघूनच लोक दुसरा उचलायचे.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. निवारा बंद व्हायला पाच दिवस राहिले होते. दुपारी जोड मोजताना तिला एक जोड ओला लागला. तिला वाटलं, एक नंबर. तिनं तो घाईनं चाचपला. पण तो कोरडाच होता. ओला होता तो दोन नंबर, तिचा स्वतःचा.

स्वयंपाकघरात ती दिवसभर लाकडी खडावा घालायची, सपाता फक्त संध्याकाळी टेकल्यावर. आणि या सपाता घोट्यापर्यंत भिजलेल्या होत्या. तळाला राखाडी चिखल होता, घराच्या मागल्या भिंतीशी छपराचं पाणी गळून होतो तसला. समोरच्या अंगणात नुसता खडक. तिथं चिखल नावालाही नव्हता.

"मेल्यांनो, घालायच्या तर निदान सांगून घाला!" ती रिकाम्या घराला म्हणाली, आणि सपाता चुलीपाशी वाळत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पुन्हा ओल्या होत्या. आदल्या रात्री निवाऱ्यात एकच प्रवासी होता, आणि तो पहाटे चारलाच निघून गेला होता.

२

"वहिनी, सूप आहे की नुसती वाफच?"

मेडार्ड दारातून ओरडत आला. थेओडुलचा धाकटा भाऊ. खाली आयगन गावात राहायचा, आणि डोंगरात कुणी अडकलं की शोधायला जाणाऱ्यांचा म्होरक्याही तोच. दोन खेचरं घेऊन तो आला होता. गाद्यांची पहिली खेप न्यायची होती.

"आधी बूट, भावजी."

"मी मेलो ना, तर माझ्या तिरडीलाही सपाता घालायला लावशील तू."

त्याच्यामागून धापा टाकत ओटिलीबाई आल्या. बाझेलच्या शाळेतल्या निवृत्त मास्तरीण. सोळा वर्षं न चुकता सीझनच्या शेवटी यायच्या, शेवटच्या दिवसापर्यंत राहायच्या, आणि न सांगता कामाला हात लावायच्या. सगळं खोरं त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं.

जेवताना लुडविनानं सपातांचं सांगितलं.

"मार्मोट शिरला असेल," मेडार्ड राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवत म्हणाला. "थंडी आली की तो लठ्ठोबा कुठंही बीळ शोधतो. त्याला बिचाऱ्याला नंबर कुठला वाचता येतोय?"

"मार्मोटानं माझ्या सपाता पायात घालून चिखल तुडवला, आणि परत फळीवर नीट जोडीनं ठेवल्या?"

"मग तुम्हीच झोपेत चालत असाल," ओटिलीबाई म्हणाल्या. "माझी आई चालायची. एकदा कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली."

तिघंही हसले. हसता हसता लुडविनानं विचारून टाकलं. वर्षभर विचारायचं राहिलं होतं.

"भावजी, खरं सांग. मी त्या दिवशी जिवाची खिडकी उघडली म्हणून सांगितलं नसतं, तर तू वरपर्यंत गेला असतास?"

मेडार्डनं चमचा खाली ठेवला. "गेलो असतो. खोटं कशाला बोलू? बर्फ कच्चा होता, पण जिवंत माणसासाठी जातोच की आम्ही. मेलेल्यासाठी पाच बाप्यांचा जीव नाही घालत." मग तिच्या चेहऱ्याकडं बघून घाईनं म्हणाला, "पण वहिनी, तो तर आधीच गेला होता ना?"

"गेलाच होता," लुडविना म्हणाली. "मला कळलं म्हणून तर उघडली."

हे वाक्य तिनं वर्षभर रोज स्वतःला ऐकवलं होतं. त्यावरच ती उभी होती म्हणा ना.

३

खोऱ्यातल्या प्रत्येक जुन्या घरात असते तशी या निवाऱ्यातही जिवाची खिडकी होती. थेओडुलच्या बापानं घर बांधलं तेव्हा मागल्या भिंतीत, पलंगाच्या उशाशी, वीतभर भोक ठेवलं होतं. त्यावर सरकती फळी आणि फळीला लाकडी खुंटी. घरात कुणी गेलं की खुंटी काढायची, फळी सरकवायची, तोंड फिरवून निरोप द्यायचा, आणि जीव बाहेर पडला की फळी लावून खुंटी घट्ट ठोकायची. बाहेर डोकावायचं नाही. एरवी ती खिडकी कुणी उघडत नाही, कितीही उकडो.

मागल्या सप्टेंबरात थेओडुल हिमनदीवर वाट दाखवायला रोवलेल्या काठ्या काढायला गेला आणि दोन तासांत वादळ उतरलं. तीन दिवस ते हललं नाही. बर्फानं दार निम्म्याच्या वर बुजलं. लुडविना आत एकटी, अंगात ताप. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उशाच्या भिंतीवर तीन ठोके पडले. ठक्, ठक्, ठक्. हाक मात्र नाही.

ठोके तीन आणि हाक नाही, याचा अर्थ आयगनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. दूर कुठंतरी मेलेलं आपलं माणूस निरोप घ्यायला आलेलं असतं. जिवंत माणूस हाक मारतो. लुडविनानं खुंटी काढली, फळी सरकवली, तोंड फिरवलं. बर्फाचा भुगा उशीवर आला. "जा, थेओडुल," ती म्हणाली. "मागं वळून बघू नकोस. इथलं मी बघते." मृतांसाठीची प्रार्थना तिनं पूर्ण म्हटली. मग फळी लावली आणि खुंटी मुठीनं ठोकली.

चौथ्या दिवशी वादळ थांबलं. मेडार्ड पाच माणसं घेऊन दार उकरत आला. तिनं सांगितलं, "काल खिडकी उघडली." पाचही जणांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. हिमनदीच्या काठाकाठानं अर्धा दिवस फिरून ते तिला घेऊन खाली उतरले. थेओडुल सापडला नाही तो नाहीच.

आता, वर्षानं, बंद करायच्या आधीच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी ती पलंगावरच्या ब्लँकेटाची घडी घालत होती. मेडार्ड गाद्या घेऊन खाली गेला होता, ओटिलीबाई समोर उन्हात बसून मोजे विणत होत्या. उशाच्या भिंतीवर तीन ठोके पडले.

तिनं घडी पुरी केली. लाकूड आहे, उन्हानं ताणतं, वाजतं. लार्चचे ओंडके तर सत्तर वर्षांनीही कुरकुरतात. असं स्वतःला सांगत तिनं दुसरं ब्लँकेट घेतलं. पुन्हा तीन. सारख्या अंतरानं, बोटांच्या सांध्यांनी वाजवल्यासारखे, फार जोर नसलेले. लाकूड ताणतं तेव्हा मोजून ताणत नाही, हे तिला कळत होतं. तरी ती मागल्या बाजूला बघायला गेली नाही. दारातल्या खोलीत जाऊन तिनं दोन नंबरच्या जोडाला हात लावला.

ओला. चिखल अजून ताजा होता.

४

मागल्या भिंतीला लागून जळणाची रास होती. लाकडं वाळावीत म्हणून भिंत आणि रास यांच्यात हातभर फट सोडलेली. ओढायला सोपं म्हणून लुडविना नेहमी दाराकडच्या टोकापासून लाकूड उचलायची. त्यामुळं सीझन संपता संपताच रास दुसऱ्या टोकाला, जिवाच्या खिडकीखाली, यायची. तिथल्या फटीत वर्षभरात बघायची वेळच आली नव्हती.

शेवटच्या आदल्या दिवशी सकाळी ओटिलीबाई उरलेली लाकडं आणायला गेल्या.

"लुडविना! अगं, ही कुऱ्हाड कुणाची गं? चांगली आहे की. गंज चढलाय नुसता."

लुडविना हात पुसत मागं गेली. भिंतीला टेकून, दांडा खाली आणि पातं वर, बर्फ फोडायची कुऱ्हाड उभी होती.

थेओडुल वाटाड्या होता, आणि वाटाड्या आपली कुऱ्हाड घरात नेत नाही. प्रवाशांनी उचलू नये म्हणून थेओडुल ती याच फटीत, याच कोपऱ्यात सरकवून ठेवायचा. एकोणीस वर्षं. मेडार्ड त्याला चिडवायचा, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

दांड्याला मनगटात अडकवायचा पट्टा होता. पट्ट्याला निळ्या लोकरीची गाठ होती. लुडविनानं ती गाठ बघितली आणि मटकन खाली बसली. तो निघाला त्या सकाळी पट्टा तुटला होता. तिनं स्वतःच्या मोज्याची लोकर उसवून तो बांधला होता, आणि तो म्हणाला होता, "एवढा घट्ट? आता कुऱ्हाड हरवेल, पण मी नाही हरवणार."

"काय झालं?" ओटिलीबाई घाबरून म्हणाल्या. "पाणी आणू?"

"तो घरी आला होता," लुडविना म्हणाली. "बाई, तो घरी आला होता हो."

५

ओटिलीबाईंनी तिला स्वयंपाकघरात बसवून सगळं काढून घेतलं. जन्मभर पोरांची खोटी कारणं ऐकलेली बाई. पण हे ऐकून त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं.

"जिवंत असता तर हाक मारली असती," लुडविना सारखी म्हणत होती. "हाक का नाही मारली? भिंतीपलीकडं तर मी होते."

"हे बघ, आमच्याकडं असल्या खिडक्या-बिडक्या नसतात. मला त्यातलं कळत नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "पण हाक आत ऐकू येते की नाही, ते तर बघता येईल. मी पलंगावर बसते. तू बाहेर जा. आधी हाक मार, मग ठोक."

लुडविनाला हे पटलं. तिला वाटलं, आता मोकळी होईन. ती खडावा खडखडवत मागं गेली, खिडकीच्या बंद फळीला तोंड लावून बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाई! बाई! ऐकू येतंय का?" समोरच्या कड्यावरून तिचाच आवाज परत आला. तीनदा ओरडली. मग सांध्यांनी तीन ठोके दिले आणि पळत आत आली.

ओटिलीबाई पलंगावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नजर वर केली नाही.

"ठोके आले," त्या म्हणाल्या.

"आणि हाक?"

"तू मारलीस का हाक?"

हातभर जाडीचे ओंडके, सांध्यांत ठासून भरलेलं शेवाळ. थेओडुलच्या बापानं घर उबेसाठी बांधलं होतं. आणि आज तर वारासुद्धा नव्हता.

"पण मी उघडली तेव्हा?" लुडविनानं त्यांचा हात धरला. "फळी उघडल्यावर तर हाताच्या अंतरावर होता तो. तेव्हा का नाही बोलला? जिवंत माणूस तेव्हा तरी बोलला असता ना? सांगा ना, बाई!"

"बोलला असता," ओटिलीबाई म्हणाल्या. हयातीत इतकं वाईट खोटं त्यांच्यापाशी कुठलं पोरही बोललं नसेल.

एक गोष्ट लुडविनानं त्यांनाही सांगितली नाही. कुणालाच सांगितली नव्हती, पाद्र्यालासुद्धा नाही. त्या संध्याकाळी खुंटी ठोकून झाल्यावर पुन्हा तीन ठोके पडले होते. गेलेला जीव परत येऊ बघतोय, या धास्तीनं तिची पाचावर धारण बसली. तिनं ब्लँकेट डोक्यावरून ओढलं आणि ते ठोके ऐकू येईनासे व्हावेत म्हणून प्रार्थना आणखी मोठ्यानं म्हटली. किती वेळ म्हटली, देव जाणे. थांबली तेव्हा भिंत शांत होती.

६

शेवटच्या दिवशी मेडार्ड आला तेव्हा कुऱ्हाड टेबलावर होती. घरात. लुडविनानंच आणून ठेवली होती.

"वहिनी, सूप..." त्याचं वाक्य तिथंच राहिलं. त्यानं बूटही काढले नाहीत. निळी गाठ त्यानं अंगठ्यानं चाचपली.

"कुठं होती?"

"फटीत. नेहमीच्या जागी."

मेडार्ड अडाणी नव्हता. त्यानं खिडकीकडं बघितलं, कुऱ्हाडीकडं बघितलं, मग वहिनीकडं. थेओडुल इथवर पोचला होता आणि इथून परत फिरला होता. म्हणजे चौथ्या दिवशी तो फार लांब नव्हता. घराच्या वरच्या सपाटीवर असणार, फार तर तासाच्या वाटेवर. आणि पाच माणसं टोप्या हातात घेऊन खाली उतरली होती.

"तू सांगितलंस, गेला म्हणून," तो हळू म्हणाला.

"मला वाटलं..."

"मी भाऊ होतो त्याचा. तू सांगितलंस म्हणून मी फिरलो." त्यानं गाठीवरचा अंगठा काढला. "शिवी दिली असतीस तरी चाललं असतं गं. हे कशाला सांगितलंस?"

तिनं मान खाली घातली. मेडार्डनं उरलेल्या गाद्या खेचरांवर लादल्या, ओटिलीबाईंचं सामान घेतलं. तिच्या खडावा आणि पातेली बांधलेलं गाठोडंही त्यानं उचललं.

"लुडविना, चल आमच्याबरोबर," ओटिलीबाईंनी तिचा दंड धरला. "आत्ताच चल."

"दारं लावून येते मागून. तासाभरात गाठते. भावजींना एकटं सोडू नका, बाई."

कुऱ्हाड मेडार्डनं नेली नाही. लुडविना ते वळणाआड होईपर्यंत त्यांच्याकडं बघत राहिली. मेडार्ड एकदाही वळला नाही, ओटिलीबाई मात्र चार वेळा वळल्या.

मग धुकं आलं.

७

चूल विझवली. खिडक्यांना आडणे लावले. सपाता मोजल्या. चोवीस जोड होते, आणि आज पहिल्यांदाच दोन नंबर कोरडा होता. तिला जरा बरं वाटलं. खडावा खाली गेल्या होत्या, बूट चढवायला वेळ होता, म्हणून तिनं दोन नंबरच्या सपाताच पायात घातल्या आणि कुऱ्हाड तेवढी त्याच्या जागी नेऊन ठेवली पाहिजे असा विचार करत पलंगावर टेकली.

ठक्, ठक्, ठक्.

या वेळी तिनं स्वतःला काहीच समजावलं नाही. "आले रे! आले, थांब!" असं ओरडत ती उठली आणि दार ढकलून तशीच बाहेर पळाली. घराला वळसा घालताना दोनदा घसरली. भिंतीशी पोचली.

कुणी नव्हतं. धुकं एवढं, की हात लांब केला तर बोटं पुसट दिसत. रास संपलेली, उघडी भिंत, बंद फळी. छपरावरून थेंब पडत होते. जिथं तो उभा राहिला असेल तिथंच ती उभी होती.

थंडी घोट्यापर्यंत चढली तेव्हा तिनं खाली बघितलं. लोकर भिजून काळी पडली होती आणि तळाला राखाडी चिखल चिकटला होता. गेले चार दिवस तिला फळीवर सापडत होत्या, अगदी तशाच.

या सपाता घालून, इथं उभं राहून, ठोके कोण देत होतं ते तिला कळलं. पण कळण्यावर विश्वास बसेना. थेओडुलला एकदा हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

तिनं पुन्हा जोर केला. घशातून नुसती वाफ आली. तीन दिवस बर्फात भटकलेल्या माणसाचा घसा कसा होत असेल, याचा विचार तिनं वर्षभरात एकदाही केला नव्हता. आता तो करायला लागला नाही. हात तेवढा हलत होता. तिनं सांध्यांनी भिंतीवर तीन ठोके दिले.

आत पलंग करकरला.

ती आत्ताच त्या घरातून बाहेर आली होती. आत कुणी नव्हतं, चूलही विझलेली होती. तरी पावलं आली. खुंटी निघाली. फळी सरकली, आणि भोकातून दिव्याचा पिवळा उजेड तिच्या तोंडावर पडला. सूपचा वास आला, ऊब आली. उजेडात एका बाईची पाठ आणि फिरवलेली मान दिसली. डोक्याला ताप उतरायला बांधलेलं फडकं होतं.

"जा, थेओडुल," ती बाई म्हणाली. "मागं वळून बघू नकोस. इथलं मी बघते."

मी आहे, असं लुडविनाला ओरडायचं होतं. बघ ना गं माझ्याकडं, एकदा बघ. हात आत घालून तिची वेणी ओढायची होती. पण तो आवाज एवढा मायेचा होता, एवढ्या खात्रीचा होता, की हात अर्ध्यातच थांबला. एकोणीस वर्षं ज्या आवाजानं जेवायला बोलावलं, तो खोटं कशाला बोलेल? आपण गेलोच असू, असं तिला वाटलं. तिला तसं खरोखरच वाटलं, आणि त्यालाही असंच वाटलं असणार, हे त्याच क्षणी तिला समजलं.

प्रार्थना संपली. फळी लागली. आतून मुठीनं खुंटी ठोकल्याचा आवाज आला.

अंधार आणि धुकं एक झालं. लुडविनानं कशीबशी मूठ उचलली आणि पुन्हा तीनदा वाजवलं.

आतली बाई आणखी मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागली.